एका ‘फेअर’चा पसारा

शाळकरी मुलाच्या दप्तरात फेअर वही असते. रेशन दुकानाच्या इंग्रजी पाटीवर ‘फेअर प्राइस शॉप’ असे लिहिलेले असते. ऊस उत्पादकाच्या तोंडी कायम असलेल्या ‘एफआरपी’तला एफ हा फेअरचाच. हवामानाच्या इंग्रजी अंदाजात फेअर येतो, क्रिकेटच्या नियमांत येतो, जुन्या पुस्तकांच्या यादीत येतो आणि वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जातही येतो. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा. शब्दकोश उघडला तर सुंदर, गोरा, सोनेरी केसांचा, न्याय्य, नि:पक्षपाती, स्वच्छ, निरभ्र, अनुकूल, मध्यम, बराच अशी रांगच लागते.

ही रांग पाठ करून उपयोग होत नाही. या शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दावरून ठरतो आणि तो शेजार ओळखता आला तरच शब्द ताब्यात येतो. इंग्रजी शिकणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी आणि सरकारी कागद वाचावे लागणाऱ्या सगळ्यांनीच या विशेषणाची नीट ओळख करून घ्यावी, असे मला वाटते.

मुळाशी काय आहे

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा उच्चार साधारण ‘फॅयर’ असा होई आणि अर्थ होता सुंदर, डोळ्यांना सुखावणारे. त्याच जर्मानिक कुळातल्या गॉथिक भाषेत याच्या भाऊबंदाचा अर्थ ‘योग्य, जुळणारे’ असा होता. म्हणजे सौंदर्य आणि योग्यता या दोन कल्पना या कुळात फार पूर्वीपासून शेजारी राहत आल्या आहेत. मध्ययुगीन इंग्रजीत वागणुकीला, बोलण्याला, निवाड्यालाही हे विशेषण लागू लागले आणि त्यातून ‘न्यायाला धरून’ हा अर्थ पक्का झाला.

या सगळ्या अर्थांतून एक सूत्र निघते, ते असे : ज्यात डाग नाही, खोट नाही आणि वाटेत अडथळा नाही ते फेअर. डाग नसलेला चेहरा, ढग नसलेले आकाश, खाडाखोड नसलेले पान, लबाडी नसलेला खेळ, हे सगळे त्या सूत्रात बसते. याच्या उलट उभा असलेला शब्द ‘फाउल’. त्याचा मूळ अर्थ घाण, कुजलेले. ‘मॅकबेथ’च्या अगदी पहिल्या प्रवेशात शेक्सपिअरने चेटकिणींच्या तोंडी हे दोन शब्द एकमेकांवर आदळवले आहेत. पुढे नाटकात चांगले कोणते आणि वाईट कोणते हेच कळेनासे होणार, याची सूचना तिथे मिळते.

नॉर्वेचा राजा हाराल्ड याची गोष्ट इथे सांगायला हवी. इंग्रजी इतिहासात तो ‘हाराल्ड फेअरहेअर’ म्हणून ओळखला जातो आणि पुष्कळ वाचक त्याला सोनेरी केसांचा समजतात. आइसलँडच्या गाथांनुसार, सगळा नॉर्वे एका छत्राखाली आणेपर्यंत केस कापणार नाही आणि विंचरणारही नाही अशी त्याने शपथ घेतली होती. लोक त्याला झिपऱ्या म्हणत. शपथ पुरी झाली, केस विंचरले गेले आणि ते इतके देखणे दिसले की त्याला ‘सुकेश’ या अर्थाचे नाव मिळाले. रंगाचा त्यात संबंध नव्हता.

उच्चार एक, शब्द तीन

देवनागरीत लिहिताना आपली एक पंचाईत होते. ‘बुक फेअर’, ‘बस फेअर’ आणि ‘फेअर प्ले’ यांतले तिन्ही फेअर आपण सारखेच लिहितो. इंग्रजीत ते तीन वेगळे शब्द आहेत.

जत्रा किंवा प्रदर्शन या अर्थाचे नाम ‘एफ-ए-आय-आर’ असेच लिहितात, पण त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘फेरिया’त, म्हणजे सणाच्या सुटीच्या दिवसात आहे. विशेषणाशी त्याचे काही नाते नाही. लंडनच्या उच्चभ्रू मेफेअर भागाचे नाव तिथे पूर्वी मे महिन्यात भरणाऱ्या जत्रेवरून पडले. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधला फेअर जत्रेचाच. भाडे या अर्थाचा तिसरा शब्द ‘एफ-ए-आर-ई’. त्याचे मूळ प्रवास करण्यात आहे आणि निरोपाचा ‘फेअरवेल’ त्याच घरातला. परीला ‘फेअरी’ म्हणतात ते ती गोरी किंवा सुंदर असते म्हणून नव्हे. तो शब्द फ्रेंचमधून आला असून त्याच्या मागे दैव या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

‘माय फेअर लेडी’ या नावात मात्र विशेषण आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘सुंदर’ असाच आहे. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून १९५६ साली ब्रॉडवेवर आलेल्या या संगीतिकेने नाव उचलले ते लंडन ब्रिजवरच्या जुन्या बालगीतातून. फुले विकणारी गरीब मुलगी मेफेअरमध्ये शोभेल अशी बाई होते, म्हणून मेफेअरच्या उच्चारावरची कोटीही त्यात आहे असे सांगितले जाते. त्याच ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ आणली. भक्ती बर्वे यांनी गाजवलेल्या त्या नाटकाच्या नावात फेअरच्या भाषांतराचा खटाटोपच नाही आणि ते नाव किती सहज बसले आहे!

केसांचा फेअर

इंग्रजी कादंबरीत ‘फेअर’ स्त्री किंवा पुरुष आला की मराठी भाषांतरात तो बहुधा ‘गोरा’ होतो. जिथे गावातले सगळेच गोरे आहेत, तिथे एकाला मुद्दाम गोरा म्हणण्याचे कारण काय? लेखकाला सांगायचे असते की त्याचे केस फिकट, सोनेरी आहेत. ब्रिटिश इंग्रजीत माणसाच्या वर्णनातला फेअर प्रथम केसांकडे बोट दाखवतो. तिथे त्याचा विरोधी शब्द ‘डार्क’ आणि तोही केसांसाठीच. रहस्यकथेत साक्षीदार ‘उंच, डार्क माणूस’ पाहिल्याचे सांगतो तेव्हा त्याने काळ्या केसांचा माणूस पाहिलेला असतो. त्याचे ‘काळा माणूस’ असे भाषांतर झाले तर तपासाचा धागाच तुटतो.

‘फेअर सेक्स’ हा स्त्रियांसाठीचा जुना शब्दप्रयोग. त्यात फेअर म्हणजे सुंदर. आज तो वापरू नये. त्यात कौतुकापेक्षा वडीलधारा तोरा अधिक आहे.

आकाश, समुद्र आणि कोकणची वाट

जुन्या पद्धतीच्या गोल वायुभारमापकाच्या तबकडीवर वादळ, पाऊस, बदल, फेअर आणि कोरडी हवा असे शब्द क्रमाने कोरलेले असत. ‘बदल’ साडेएकोणतीस इंचांवर, ‘फेअर’ तीस इंचांवर. हवेचा दाब चढता म्हणजे आकाश निवळणार, हे त्यामागचे साधे शास्त्र. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने या शब्दाला बांधेसूद व्याख्या दिली आहे : आकाशाचा दहापैकी चारपेक्षा कमी भाग दाट ढगांनी झाकलेला, पाऊस नाही आणि दृश्यमानता, वारा, तापमान यांपैकी कशाचाही अतिरेक नाही. हा शब्द तिथे मुख्यत: रात्रीच्या हवामानासाठी वापरतात, कारण रात्री ‘सूर्यप्रकाशित’ म्हणायची सोय नसते.

दर्यावर्दी लोकांचा ‘फेअर विंड’ म्हणजे पाठीमागून येणारा, गलबताला हव्या त्या दिशेने नेणारा वारा. ‘फेअरवे’ म्हणजे बंदरात शिरण्याचा खडक नसलेला मोकळा जलमार्ग. गोल्फच्या मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला हेच नाव मिळाले.

पश्चिम किनाऱ्याला या अर्थाची जुनी सवय आहे. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राचे महिने ‘फाउल सीझन’ आणि उरलेले ‘फेअर सीझन’ अशी बंदर खात्याची भाषा. कोकणातली पुष्कळ छोटी बंदरे ‘फेअर वेदर पोर्ट’ म्हणून नोंदली गेली ती याच कारणाने. पावसाळ्यात तिथे बोट लागत नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत जिल्ह्याच्या रस्त्यांची माहिती वाचताना ‘फेअर वेदर रोड’ भेटतो. त्याचा अर्थ चांगला रस्ता नव्हे. पाऊस नसतानाच जाता येईल असा कच्चा रस्ता. घाटमाथ्यावरच्या गावांना आजही या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. संकट आले की दिसेनासा होणारा तो ‘फेअर वेदर फ्रेंड’, हे यावरूनच.

गुळगुळीत रेघ

जहाज बांधणाऱ्यांच्या भाषेत फेअर म्हणजे ज्या वक्र रेषेला कुठेही उंचवटा नाही, खळगा नाही अशी रेषा. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या सांगाड्यावरून हात फिरवून कारागीर ती तपासतो. जिथे अडखळेल तिथे तासतो. या कामाला इंग्रजीत ‘फेअर करणे’ म्हणतात. पुढे हे क्रियापद विमानबांधणीत गेले आणि वाऱ्याला विरोध होऊ नये म्हणून सांध्यांवर बसवलेल्या गुळगुळीत आवरणाला ‘फेअरिंग’ नाव पडले. आपल्याकडे मोटारसायकलची आवड असलेली मुले ‘फुल फेअरिंग’ची गाडी म्हणतात, तो शब्द असा थेट जहाजाच्या गोदीतून आलेला आहे. मूळ सूत्र इथे जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे कुठेच दिसत नाही.

फेअर वही

रफ वही आणि फेअर वही ही जोडी महाराष्ट्रातल्या शाळांत इतकी रुळली आहे की तिचे इंग्रजीपण कुणाला जाणवत नाही. कच्च्या मसुद्यावरून खाडाखोड न करता उतरवलेली प्रत म्हणजे ‘फेअर कॉपी’. छापखान्याच्या काळात लेखक अशी प्रत करूनच हस्तलिखित पाठवत. कचेऱ्यांतही ‘मसुदा मंजूर झाला, आता फेअर करा’ असे सांगितले जाते. इथे अक्षर सुंदर असावे अशी अपेक्षा असली तरी खरा अर्थ ‘अंतिम आणि निर्दोष’ असा आहे.

उत्तम की बेताचा?

सगळ्यात जास्त फसगत होते ती प्रतवारीत. शाळेच्या प्रगतिपुस्तकात एक्सलंट, गुड, फेअर, पुअर असा उतरता क्रम असतो. फेअर म्हणजे बेताचे, काठावर तरलेले. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातही तसेच. विक्रेत्याने पुस्तकाची स्थिती ‘फेअर’ लिहिली असेल तर मजकुराची पाने पूर्ण आहेत पण पुस्तक चांगलेच वापरलेले, झिजलेले आहे असे समजावे. परदेशातून जुने मराठी पुस्तक मागवणाऱ्यांनी या शब्दावर भाळू नये. ‘गुड’ हीदेखील त्या यादीत फार वरची पायरी नसते. वर फाइन आणि व्हेरी गुड असतात.

अमेरिकेतले रुग्णालय एखाद्या जखमीची प्रकृती ‘फेअर’ असल्याचे सांगते, तेव्हा नाडी, रक्तदाब वगैरे स्थिर आहेत, रुग्ण शुद्धीवर आहे, पण त्याला त्रास होत असू शकतो, असा अर्थ घेतात. गुडच्या खाली, सीरिअसच्या वर.

आता कापसाचा बाजार पाहू. अमेरिकन कापसाच्या जुन्या प्रतवारीत सर्वांत वरचा दर्जा ‘फेअर’ होता. त्याखाली मिडलिंग फेअर, गुड मिडलिंग, मिडलिंग आणि मग उतरत उतरत ऑर्डिनरी. त्याच वेळी लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाची प्रतवारी वेगळ्या शब्दांत होई आणि तिथे फेअर हा ‘गुड’च्याही खाली होता. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईहून गाठी भरभरून जाऊ लागल्या. तेव्हाच्या दरपत्रकांत धोलेरा आणि ‘उमरावती’ ही नावे फेअरच्या सोबत झळकत. उमरावती म्हणजे आपली अमरावती. वऱ्हाडच्या कापसाला लागलेला फेअर आणि अमेरिकेच्या कापसाला लागलेला फेअर यांत जमीन-अस्मानाचे अंतर होते. ‘फेअर टु मिडलिंग’, म्हणजे ठीकठाक, हा अमेरिकन बोलीतला शब्दप्रयोग अशाच व्यापारी प्रतवारीतून आला.

मराठीत ‘बरा’ या शब्दाची वाटचाल पुष्कळशी अशीच आहे. ‘स्वयंपाक बरा झाला’ म्हणजे ठीक. ‘बराच झाला’ म्हणजे पुष्कळ. ‘फेअर’ कामगिरी बेताची, पण ‘अ फेअर अमाउंट’ म्हणजे बरीच रक्कम. ‘फेअरली गुड’चे भाषांतर करताना ‘बऱ्यापैकी’ हा शब्द चपखल बसतो. शिफारसपत्रात कुणी तुमच्याबद्दल ‘फेअरली गुड’ लिहिले असेल तर आनंद मानायला फारशी जागा नाही.

नियमात बसते, तरी फेअर नाही

खेळाच्या मैदानात फेअरचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गल्लत झाली की वर्षानुवर्षे वाद पेटतात.

पहिला अर्थ तांत्रिक. बेसबॉलमध्ये दोन रेषांच्या आत पडलेला चेंडू फेअर, बाहेर गेलेला फाउल. त्यात नैतिकतेचा लवलेश नाही. क्रिकेटच्या नियमांतही ‘फेअर डिलिव्हरी’ म्हणजे हात आणि पाय यांचे नियम पाळून टाकलेला चेंडू.

दुसरा अर्थ वृत्तीचा. मराठीत आपण खिलाडूपणा म्हणतो. तो नसला की मुले रडीचा डाव म्हणून ओरडतात. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी चेंडू टाकण्याआधीच गोलंदाजाच्या टोकाकडची क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउनला धावबाद केले. त्याच दौऱ्यातल्या आधीच्या एका सामन्यातही त्यांनी ब्राउनला याच चुकीसाठी बाद केले होते, तेही आधी सावध करून. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार डॉन ब्रॅडमन याने पुढे आत्मचरित्रात मंकड यांची बाजू उचलून धरली. तरीही त्या प्रकाराला मंकड यांचे नाव चिकटले आणि पिढ्यान् पिढ्या ते अखिलाडूपणाचा शिक्का म्हणून वापरले गेले. नियम मोडला होता फलंदाजाने, बदनामी झाली गोलंदाजाची.

इंग्रजी शब्दाच्या दृष्टीने यातला कळीचा भाग असा की असे धावबाद करण्याची तरतूद क्रिकेटच्या नियमावलीत ‘अनफेअर प्ले’ या प्रकरणाखाली छापलेली होती. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने २०२२ मध्ये ती तिथून काढून धावबादच्या साध्या नियमात हलवली. १ ऑक्टोबर २०२२ पासून हा बदल लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला असेच बाद केले होते आणि इंग्लंडमध्ये पुन्हा तोच गहजब झाला होता. सिडनीच्या त्या प्रसंगानंतर पंचाहत्तर वर्षांनी ही तरतूद त्या विशेषणाखालून उचलली गेली. मंकड यांना हा न्याय हयातीत मिळाला नाही, याचे मला वाईट वाटते.

रास्त, वाजवी, निष्पक्ष

कायद्याच्या आणि राज्यकारभाराच्या मराठीने या एका शब्दासाठी अनेक शब्द घडवले आहेत आणि ते पुष्कळदा नेमके आहेत. ‘फेअर प्राइस शॉप’ म्हणजे रास्त भाव दुकान. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातले ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ म्हणजे वाजवी भरपाई. निवडणुका ‘मुक्त आणि निष्पक्ष’. ‘रास्त’ फारसीतून आला, त्याचा अर्थ सरळ, खरा. ‘वाजवी’च्या मुळाशी अरबी ‘वाजिब’, म्हणजे कर्तव्य म्हणून देणे लागते ते. भरपाईला वाजवी म्हणताना, ती उपकार म्हणून नव्हे तर देणे लागते म्हणून द्यायची आहे, हा भाव आपोआप येतो. इंग्रजी शब्दात तो इतका ठसठशीत नाही.

उसाची एफआरपी म्हणजे ‘रास्त आणि किफायतशीर दर’. २००९ साली पूर्वीच्या किमान वैधानिक दराची जागा या दराने घेतली. नावातला बदल महत्त्वाचा होता. किमान म्हणजे याच्या खाली जायचे नाही एवढेच. रास्त म्हणजे उत्पादन खर्च आणि शेतकऱ्याचा नफा धरून ठरलेले. हा दर साखर उताऱ्याशी जोडलेला आहे. उतारा वाढला की दर वाढतो. म्हणजे इथे रास्तचा अर्थ ‘सर्वांना सारखे’ असा नाही. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असे नियंत्रण आदेश सांगतो. कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत दर हंगामात आंदोलने होतात ती दरासाठी तशीच या वेळेसाठी. रास्त पैसे वेळ टळून मिळाले तर ते रास्त राहत नाहीत, हे शेतकऱ्याचे म्हणणे मला पूर्ण पटते.

न्याय आणि फेअर यांतला फरकही समजून घ्यावा. निकाल न्याय्य असतो, खटला फेअर असतो. दोन्ही बाजूंना बोलू देणे, पुरावा दाखवणे, न्यायाधीशाचा हितसंबंध नसणे, हे फेअरचे घटक. खटला फेअर चालूनही निकाल चुकू शकतो. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की माणसाचे स्वातंत्र्य हिरावणारी कार्यपद्धती कायद्यात नुसती लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, फेअर आणि वाजवी असली पाहिजे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९५८ च्या निबंधात आणि १९७१ च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’ या ग्रंथात न्यायाची कल्पनाच फेअरनेसवर उभी केली. आपण श्रीमंत जन्मणार की गरीब, हे ठाऊक नसताना माणसे एकत्र बसून जे नियम मान्य करतील ते न्याय्य, असा त्यांचा युक्तिवाद होता.

भाषाशास्त्रज्ञ आना व्हिएझ्बिट्स्का यांनी या शब्दावर सविस्तर लिहिले आहे. त्यांच्या मते ‘फेअर’ ही कल्पना इंग्रजी भाषकांच्या जगाची खास आहे आणि इतर युरोपीय भाषांत तिला तंतोतंत जोड नाही. जर्मनने तर शब्द जसाच्या तसा उचलला. ऑस्ट्रेलियात ‘फेअर गो’, म्हणजे प्रत्येकाला सारखी संधी, हे राष्ट्रीय ब्रीदासारखे आहे. तिथे स्थायिक होण्यासाठी अर्ज करणाऱ्याला ज्या मूल्यांच्या निवेदनावर सही करावी लागते त्यात हा शब्द आहे. मेलबर्न-सिडनीला गेलेल्या मराठी कुटुंबांनीही ती सही केलेली असते.

‘फेअर यूज’चा एक गैरसमज इथेच दूर करतो. अनेक मराठी चित्रफितींखाली ‘कलम १०७’चा हवाला देऊन फेअर यूजचा दावा केलेला असतो. ते कलम अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातले आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ लागू होते आणि त्याची भाषा ‘फेअर डीलिंग’ची आहे. खासगी वापर किंवा संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त अशा ठरावीक कारणांपुरतीच ती सवलत आहे. अमेरिकन कलम यापेक्षा सैल आहे. चुकीच्या देशाचे कलम लिहून संरक्षण मिळत नाही.

खोटे नाणे, फेअर निकाल

गणितात फेअरचा अर्थ अगदी स्वच्छ आहे. छाप आणि काटा पडण्याची शक्यता नेमकी निम्मी-निम्मी असेल ते नाणे फेअर. पण हातातले नाणे एकीकडे झुकणारे असले तर? जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ मध्ये यावर एक देखणा उपाय सुचवला. नाणे दोनदा उडवा. आधी छाप मग काटा आला तर पहिला जिंकला. आधी काटा मग छाप आला तर दुसरा. दोन्ही वेळा सारखेच आले तर ती फेरी रद्द, पुन्हा उडवा. नाणे कितीही झुकते असले तरी ‘छाप-काटा’ आणि ‘काटा-छाप’ यांची शक्यता सारखीच राहते. साधन खोटे असले तरी पद्धत फेअर ठेवता येते, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुठल्याच उदाहरणाने सिद्ध होत नाही.

चार किरकोळ प्रयोग

‘फेअर इनफ’ म्हणजे ‘ठीक आहे, पटले’. वाद संपवताना वापरतात, पण त्यात पूर्ण संमती असतेच असे नाही. ‘फेअर गेम’ म्हणजे ज्याच्या शिकारीला बंदी नाही ते सावज. पुढे टीकेला मोकळा सापडलेला माणूस. ‘फेअर कॉमेंट’ हा अब्रुनुकसानीच्या खटल्यातला बचाव. ‘फेअर अँड स्क्वेअर’ म्हणजे उघडउघड, बिनतक्रार. दोन शब्दांतला ‘फेअर ट्रेड’ हे उत्पादकाला वाजवी मोबदला देणाऱ्या व्यापाराचे सर्वसाधारण नाव. एकत्र लिहिलेला ‘फेअरट्रेड’ हे प्रमाणपत्र. अशा प्रमाणपत्रांची सुरुवात १९८८ मध्ये नेदरलँड्समधल्या कॉफीपासून झाली. चहा-कॉफीच्या पुडीवर हा शब्द दिसला तर तो जोडून आहे की तोडून, ते पाहावे.

कातडीचा फेअर

इतके अर्थ असलेल्या या शब्दाची भारतातली पहिली ओळख मात्र एका रंगापाशी अडकली. शेक्सपिअरच्या काळात ‘सुंदर’ आणि ‘उजळ’ हे दोन्ही अर्थ इंग्रजीत एकमेकांत मिसळले होते. १६०९ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या १२७ व्या सुनीतात कवी याच मिसळीवर बोट ठेवतो आणि काळ्या डोळ्यांच्या स्त्रीला सौंदर्याचा मान देतो. चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कवीला जे खटकले, ते आपल्या स्थळांच्या जाहिरातींनी मुकाट्याने स्वीकारले. ‘फेअर’, ‘व्हेरी फेअर’ आणि गव्हाळचे इंग्रजी केलेला ‘व्हीटिश’ अशी प्रतवारीच तयार झाली. कापसाच्या गाठींना लावतात तशी, आणि ती मुलींना लावली गेली.

‘फेअर अँड लव्हली’ हे मलम १९७५ साली बाजारात आले. जाहिरातींत सावळ्या मुलीला नोकरी मिळत नसे, स्थळ मिळत नसे, आणि उजळ झाली की सगळे मिळे. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने नियम घातला की सावळा रंग म्हणजे कमीपणा असे जाहिरातीत दाखवू नये. २०२० मध्ये मुंबईच्या हिंदुस्तान युनिलिव्हरने नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. त्याच वर्षी शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगावरून स्थळे चाळण्याची सोय बंद केली. कंपनीने नाव बदलले, संस्थळाने रकाना काढला. घरोघरी मुलीच्या बायोडेटात मात्र उंची, शिक्षण आणि पगार यांच्यामध्ये ‘वर्ण’ ही ओळ अजून टिकून आहे. पुढच्या वेळी घरात तो कागद टाइप होत असेल तेव्हा ती ओळ खोडा आणि समोरून आलेल्या कागदात ती असली तर ती न वाचता पुढे चला.